मायलिसचा टेकू

मायलिसला राग येत नाही, असं आमच्या ग्रानोस गावात सगळे म्हणतात. हे साफ खोटं आहे. राग तिलाही येतो, पण ती तो धुते, वाळवते, घडी करून कपाटात ठेवते आणि मग कपाट उघडायचंच विसरते. माझं तसं नाही. मला राग आला की आमच्या घरातली भांडी शेजाऱ्यांना ऐकू जातात. म्हणून ही हकिगत मी सांगतेय. तिने सांगितली असती तर त्यात कुणाचीच चूक निघाली नसती.

मी बेरित, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये बर्चच्या झाडांची एक रांग आणि एक टपालपेटी आहे, बाकी काही नाही.

मायलिसने जन्मभर म्हाताऱ्यांचं केलं. नगरपालिकेची छोटी गाडी घेऊन घरोघर जायचं, कुणाला अंघोळ घालायची, कुणाच्या गोळ्या बघायच्या, कुणाची नखं काढायची, कुणाची तीच ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. गावात असा म्हातारा नाही ज्याला तिने उचललेलं नाही. डावा खांदा गेला तोही त्यातच. हाल्वारचा बाप न्हाणीघरात पडला होता. अंगापिंडाने दांडगा माणूस. दुसरा माणूस येईपर्यंत थांबायचं असा कामाचा नियम आहे, पण फरशी गार होती आणि म्हातारा रडत होता. हिने एकटीने उचलला. तो पुढे दोन हिवाळे जगला. हिचा खांदा मात्र उसवला तो उसवलाच.

हा हाल्वार आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर, आणि सप्टेंबरात त्याची शिकार सुरू झाली की गावात दुसरं काही चालत नाही. लाकूडगिरणी बंद, शाळेत बाकं रिकामी, दातदुखीसुद्धा आठवडाभर थांबते. कुत्री जंगलातून मूस हुसकतात आणि प्रत्येक जण आपापल्या ठिय्यावर रायफल घेऊन, तोंड मिटून बसून राहतो. मायलिसचा ठिय्या काळ्या दलदलीच्या कडेला. आधी तो तिच्या नवऱ्याचा, अल्गोटचा होता. अल्गोट गेला, त्याचं जंगल त्याच्या भावांकडे गेलं, आणि ज्याचं जंगल नाही त्याचा टोळीत हक्क नाही. तेव्हा हाल्वार स्वतः तिच्या दारात आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, "अल्गोटचा ठिय्या तुझा. मी आहे तोवर तिथे दुसरं कुणी बसणार नाही."

त्या शब्दावर ती इतकी वर्षं जगली. तिला चर्चमध्ये करमत नाही, नाचगाण्यात करमत नाही, हिवाळ्यात थायलंडला जाऊन उन्हात लोळणाऱ्या बायकांत तर नाहीच नाही. मला एकदा म्हणाली होती, "बेरित, वर्षभर मी कुणाची तरी कुणीतरी असते. अल्गोटची विधवा, म्हाताऱ्यांची मदतनीस, तुझी शेजारीण. त्या एका आठवड्यात मी नुसती तिथे बसलेली असते. दुसरं मला काही नको." तेवढंच तिचं मागणं होतं, आणि ते कुणाच्या ताटातलं नव्हतं.

हिवाळ्यात तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीण म्हणाली, हात हलेल, पण वजन धरून वर राहणार नाही. रायफलची नळी डाव्या हातावरच तोलायची असते. म्हणजे शिकार संपली, असंच मायलिस धरून चालली होती.

दर गुरुवारी हाल्वारची बायको उल्ला चर्चच्या गाण्याच्या तालमीला जाते, म्हणून तो मायलिसकडे जेवतो, ही जुनी पद्धत. वाटाण्याचं दाट सूप, त्यावर मोहरीची चटणी, मागाहून जॅम लावलेली धिरडी. मी आणि माझा नवरा इंग्वे पण बरेचदा असायचो. अशाच एका गुरुवारी तिने विषय काढला.

"यंदा मला जमायचं नाही रे हाल्वार."

"का? रायफल दातांत धर की," हाल्वार म्हणाला. "अगं, ट्रायपॉड घे. आताशा तरणी पोरंसुद्धा घेतात. तीन पायांवर रायफल अडकव, मागे बस आणि चाप ओढ. नेम तर तुला शिकवायला नको."

"टेकू लावून मारू?"

"टेकू तर टेकू! मूसला काय कळतंय?"

आम्ही पोट धरून हसलो. मी त्याच्या ताटात आणखी दोन धिरडी वाढली. तेव्हा तो मनापासून बोलत होता, हे मी आजही मान्य करते.

आता ट्रायपॉड घ्यायचा तर अडचणी दोन. टोळीचा जुना दंडक असा की आपलं ओझं आपण ठिय्यापर्यंत न्यायचं, दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचं नाही. काळ्या दलदलीकडे गाडी जात नाही, ओल्या फळ्यांवरून तोल सांभाळत जावं लागतं. रायफल, दुर्बीण, कॉफीचा थर्मास, घडीची खुर्ची, आणि वर हा तीन पायांचा प्राणी. म्हणजे हलका हवा. आणि म्हाताऱ्यांना उचलून जे पेन्शन मिळतं त्यात बसणारा हवा. शहरातल्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "फोटो काढायला का?"

"नाही, मूस मारायला," मायलिस म्हणाली.

त्याने घाईघाईने एक कार्बनचा ट्रायपॉड दाखवला. बोटावर तोलावा इतका हलका आणि दगडासारखा पक्का. किंमत ऐकून मायलिसने तो परत पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली आणि त्या पोराचे आभार मानले. येताना गाडीत म्हणाली, "बघितला तर खरा."

मार्चभर हाल्वारने जीव लावून मदत केली. तो कुठून कुठून ट्रायपॉड मागून आणायचा आणि स्वयंपाकघरात मांडायचा. मधोमध दांडा वर निघतो तो घेऊ नकोस, त्याने सांगितलं, कारण दांड्यावरची रायफल डुलते. पाय थेट वरच्या चकतीला जोडलेले हवेत. पाय आडवे पसरून खाली बसता आलं पाहिजे. मग परीक्षा कशी घ्यायची तेही त्याने दाखवलं. रायफल वर अडकवायची, दुर्बिणीतून समोरच्या धुराड्याचं टोक धरायचं आणि नळीवर बोटाने टिचकी मारायची. धुराडं किती वेळ नाचतं ते बघायचं. आम्ही चौघं आळीपाळीने टिचक्या मारत होतो आणि माझ्या घराचं धुराडं बघत होतो. इंग्वे म्हणाला, "आपलं धुराडं तुटलंय गं बेरित, हे मला आजच कळलं." असे चांगले दिवस होते ते.

ईस्टरला हाल्वारची लेक लिनेआ आली, बरोबर तिचा विग्गो. तिकडे किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातला हसरा पोरगा. काम संगणकावरचं, कुठेही बसून करता येणारं. दोघांचा गावात राहायला यायचा विचार होता. विग्गोने नुकताच शिकारीचा परवाना काढला होता. आम्हाला सगळ्यांना बरंच वाटलं. तरुण जोडपं आलं तर पोरं होतात, पोरं झाली तर शाळा टिकते.

ईस्टरनंतर मात्र ट्रायपॉडांच्या खोड्या निघायला लागल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

ॲल्युमिनियमचा एक स्वस्त मिळत होता. हाल्वारने हातात घेऊन वजन पाहिलं. "भारी आहे. दलदलीत खांदा पुन्हा गेला तर जबाबदार कोण?"

मग हलका आणला. त्याने टिचकी मारली. "बघ, कसा थरथरतोय. वारा सुटला की मूसऐवजी ढगाला गोळी लागेल."

मग पाय क्लिपने उघडायचा एक. "ही क्लिप टक्‌ वाजते. मूसचे कान तुला माहीत आहेत."

मग पाय पिळून उघडायचा एक. "पहाटे दव गोठलं की हे पेच फिरणार नाहीत. एका हाताने तर नाहीच."

दोन पायांच्या काठ्या सुचवल्या मी. "त्या हाताने धराव्या लागतात, बेरित. हात कुठाय?"

मी मागाहून प्रत्येक वाक्य उलटून पालटून बघितलंय. त्यातलं एकही खोटं नव्हतं. हाल्वार खोटं बोललाच नाही. तो फक्त खरं तेवढंच बोलत राहिला आणि दर गुरुवारी सूप पीत राहिला. मायलिस मला म्हणायची, "किती काळजी करतो बघ माझी. अल्गोटनेसुद्धा एवढा जीव काढला नसता."

पण म्हाताऱ्यांत आयुष्य काढलेली बाई ती, धीर सोडणं तिला ठाऊक नाही. जूनमध्ये तिने एक जाहिरात शोधून काढली. तळ्यापलीकडच्या गावातल्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा जुना कार्बनचा ट्रायपॉड, वरचं डोकं मोडलेलं, म्हणून स्वस्तात. मी गाडी काढली. तो माणूस घरी नव्हता, त्याची बायको होती. ती म्हणाली, "न्या बाई, त्याला आता खिडकीतूनच पक्षी दिसतात." मायलिसने तीन पाय पसरले, त्यांवर उजव्या हाताने सगळं अंग टाकून ती लोंबकळली, आणि ट्रायपॉड हूं की चूं करेना. एका पायावर ओरखडे होते, मधला दांडा नव्हता. गाडीच्या एका टायरची किंमत पडते तेवढ्यात तिने तो घेतला. मोडक्या डोक्याच्या जागी रायफल धरणारा रबरी जबडा टपालाने मागवला. पेच गोठू नयेत म्हणून ते खोलून पुसून कोरडे केले आणि ठरवलं की पाय घरूनच योग्य उंचीला उघडून न्यायचे. दलदलीत टोकं रुततात, तर प्रत्येक पायाखाली जॅमच्या बरणीचं झाकण बसवलं. मग टिचकी मारली. माझं धुराडं एकदा दचकलं आणि स्थिर झालं.

पुढच्या गुरुवारी हाल्वारने तो उचलून पाहिला. टिचकी मारली. पाय दाबले. झाकणांकडे पाहिलं. बराच वेळ तो खोडी शोधत होता आणि खोडी सापडत नव्हती. शेवटी "बरं आहे" म्हणाला आणि धिरडी न खाताच उठला.

"त्याला बरं नाहीसं दिसतंय," मायलिस म्हणाली, आणि धिरडी डब्यात भरून तिने माझ्या हातून त्याच्या घरी पाठवली. मीच घेऊन गेले.

ऑगस्टात टोळी नेमबाजीच्या मैदानावर जमते. रुळांवरून धावणारा लाकडी मूस असतो, शेगडीवर सॉसेज भाजत असतात, बायकापोरं घोंगड्या टाकून बसतात. ज्याचा नेम चांगला त्याची त्या दिवशी चेष्टा होते, वाईट असेल त्याची वर्षभर. मायलिसने ट्रायपॉड मांडला, रायफल जबड्यात अडकवली आणि उभ्या मूसच्या फुप्फुसात गोळ्या अशा बसवल्या की एका बशीने झाकल्या जाव्यात. मग तिने जबड्याखालचा पेच सैल केला आणि धावत्या मूसबरोबर नळी फिरवली. तिथेही बसल्या.

मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. बाकी सगळे आपापले बूट बघत होते. सॉसेज करपायला लागलं तरी कुणी उलटेना. मला वाटलं, बाईने पुरुषांना मागे टाकलं म्हणून तोंडं पडली असतील. तेवढ्यात तो विग्गो पुढे आला, हसत, हात पुढे करून.

"काय मारतेस तू! खरंच वाईट वाटतं की तू ठिय्या सोडलास. मी नीट सांभाळीन तो, वचन देतो."

मायलिसने त्याचा हात हातात घेतला होता. तो तिने सोडला नाही. "कुठला ठिय्या?"

"काळ्या दलदलीचा. हाल्वार म्हणाला, खांद्यामुळे तू आपणहून..." पोराने सासऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

"हाल्वार?" मायलिस म्हणाली.

हाल्वारने टोपी काढली. "मे महिन्याच्या सभेत ठरलं. टेकू लावून मारणाऱ्याला ठिय्या द्यायचा नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे गं. तू तेव्हा शहरात होतीस, हाताच्या व्यायामाला."

"मे महिन्यात."

"सांगणार होतो."

"मे महिन्यानंतर तू माझ्याकडे किती वेळा जेवलास?"

"मला वाटलं, ट्रायपॉड काही जमायचा नाही. मग तू आपणहून सोडशील. कुणालाच वाईटपणा नको."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मायलिसने चेहरा वळवून एकेकाकडे पाहिलं. ज्यांच्या आयांना तिने न्हाऊ घातलं होतं, ज्यांच्या बापांचे डोळे तिने मिटले होते, ते सगळे मूग गिळून उभे होते. सभेत हात वर झाले होते ते सगळ्यांचे. तिची नजर फिरत फिरत इंग्वेवर आली तेव्हा मला कळलं. माझा इंग्वे. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

ट्रायपॉडचे पाय मिटायला तिला वेळ लागला. एका हाताने ते अवघड जातं. कुणी पुढे झालं नाही, आणि झालं असतं तरी मी होऊ दिलं नसतं.

घरी आल्यावर मी इंग्वेला उभा-आडवा घेतला.

"माझ्या समोर बसून टिचक्या मारत होतास! धुराडं तुटलंय म्हणे!"

"ते मार्चमध्ये होतं. तेव्हा काही ठरलं नव्हतं."

"आणि मेनंतर?"

"मी एकट्याने हात खाली ठेवून काय झालं असतं? पोरं गावात येतायत, बेरित. विग्गोला ठिय्या हवा होता, आणि दुसरा एकही रिकामा नव्हता. हाल्वारला नाही म्हटलं असतं तर लिनेआ परत गेली असती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू तिला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि वर असा चेहरा केला जसा काही फसवणूक त्याचीच झाली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याच्याशी किती दिवस बोलले नाही ते विचारू नका.

शिकारीच्या पहिल्या सोमवारी मी सकाळीच मायलिसकडे गेले. तिने सवयीने थर्मास भरला होता. मग ओट्यापाशी उभ्या उभ्या त्यातलीच कॉफी ओतून पीत होती. लांबून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं तशी तिने मान कलती केली, आवाज कुठून कुठे चाललाय ते ऐकलं आणि म्हणाली, "ओढ्याकडून येतोय. माझ्याच बाजूला निघणार." मग दोन गोळ्यांचा आवाज झाला, एकामागून एक, घाईघाईचा. "चुकला," ती म्हणाली. तिला आनंद झाला नाही. मला झाला.

आठवडाभरात विग्गोने त्या ठिय्यावरून बऱ्याच गोळ्या उडवल्या आणि एक मूस मांडीत जखमी केला. कुत्रा लावून त्याला शोधता शोधता टोळीचा सबंध दिवस गेला. पोरगा रडकुंडीला आला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणाऱ्यातला तो नव्हता. सरळ म्हणाला, "माझा हात थरथरतो. मला तिथे बसवायला नको होतं."

शनिवारी खाटीकखोलीत वाटे पडले. ती आमची जुनी पद्धत. मांस कापून लांब टेबलावर सारखे ढीग लावायचे, प्रत्येकात थोडं चांगलं, थोडं हाडाचं, थोडं खिम्याचं. एक जण ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि दुसरा, टेबलाकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभा असलेला, नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून कुणी कुणाचं तोंड बघत नाही. कोण भिंतीकडे उभा राहतो? इंग्वे. वर्षानुवर्षं तोच. मी कॉफी ओतत होते. एकेक नाव येत गेलं. अल्गोट गेल्यापासून जिथे "मायलिस" यायचं तिथे त्याचा आवाज अडकला. तो अडकलेला खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. मग तो म्हणाला, "विग्गो."

मी किटली ठेवली आणि चालत घरी आले.

संध्याकाळच्या आत हाल्वार मायलिसच्या दारात उभा होता, हातात पांढरी पिशवी. मी तिच्या स्वयंपाकघरात होते. त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "तुझा वाटा. दरवर्षीसारखा."

मायलिसने पिशवी उघडली. आत नुसतं पाठीचं मऊ मांस होतं, व्यवस्थित साफ केलेलं. एक हाड नाही, एक कातडी नाही, नडगी नाही, खिम्याचा तुकडा नाही.

"वाट्यात हाडं नाहीत," ती म्हणाली.

"मुद्दाम चांगलं चांगलं काढलं तुझ्यासाठी."

"म्हणजे माझं नाव घेतलं नाही."

गावातलं शेंबडं पोर सांगेल की असा वाटा टेबलावर कधी पडत नाही. असं मांस पाहुण्याला देतात, नाहीतर पाद्रीबुवांना. हाल्वारला वाटलं होतं, ती खूश होईल. चाळीस वर्षं मांस वाटून या माणसाला एवढं कळू नये.

"मांस ते मांसच गं, मायलिस," तो शेवटी म्हणाला. आणि मग, बघा हं, मला माझ्या कानांवर विश्वास बसेना, तो म्हणाला, "आणि तो ट्रायपॉड. नुसता पडून असेल तर. ऑक्टोबरात शिकार पुन्हा उघडेल, तेवढ्यापुरता विग्गोला. पोराचा हात अजून बसलेला नाही."

मी तोंड उघडलं होतं. मायलिसने हात वर करून मला थांबवलं.

"टेकू चालतो आता?"

"सभेत विषय घेऊ. नव्या माणसासाठी सवलत असावी असं सगळ्यांचं..."

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे देणार नाही. पिशवी ने."

तिने पिशवी त्याच्या हातात दिली. तो पायऱ्या उतरला तेव्हा तिने दार लावलं नाही, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत उभी राहिली. मग खुर्चीत बसली आणि डाव्या खांद्यावर उजवा हात ठेवून हमसाहमशी रडली. अल्गोट गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी भांडी घासली.

तळ्यापलीकडच्या गावच्या टोळीने तिला बोलावणं धाडलं. तिथे माणसं कमी पडतात आणि टेकूचं त्यांना काही नाही. ती गेली नाही. म्हणाली, "परक्या जंगलात बसून मी काय करू?" गुरुवारचं सूप बंद झालं. हाल्वार आता कुठे जेवतो ते मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी आम्ही गावच्या दुकानात होतो. शुक्रवारी सगळं गाव तिथे असतं. मी रांगेत, माझ्या मागे पाव घेतलेला इंग्वे, त्याच्या मागे उल्ला, टोळीतले आणखी दोघं-तिघं. मायलिस सगळ्यांच्या पुढे. तिने गल्ल्यावर बटाटे, दूध आणि प्लास्टिकच्या डब्यातला खिमा ठेवला. गल्ल्यावरच्या इदाने खिमा उचलून पाहिला. कोवळी पोर, तिला काही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे शिकाऱ्याच्या घरात ऑक्टोबरात दुकानातला खिमा जात नाही.

"अगं मायलिस, तू आणि दुकानातलं मांस? फ्रीझर बिघडला का?"

"फ्रीझर चांगला आहे," मायलिस म्हणाली. नेहमी हळू बोलणारी बाई, पण हे मागे दुधाच्या कपाटापर्यंत ऐकू गेलं. "मला टोळीतून काढलं. यंदा मला वाटा नाही."

"तुला? कुणी काढलं?"

मायलिस वळली. तिने रांगेकडे पाहिलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, सावकाश, कुणाला न वगळता.

"ही रांग बघ," ती इदाला म्हणाली. "आणि बिल कर."

उल्ला लोण्याच्या पुड्यावरची अक्षरं वाचत होती. बिल झालं. मायलिसने सामान एका हाताने पिशवीत भरलं आणि गेली. माझ्या मागे इंग्वेने हातातला पाव फळीवर ठेवला आणि काही न घेता दुकानाबाहेर निघून गेला.